झाप्फिनो : लेखणीचे चैतन्य आणि मुद्राक्षराची मर्यादा

प्रस्तावना

हाताने लिहिणारा मनुष्य एकच अक्षर दोन वेळा तंतोतंत सारखे लिहीत नाही. शब्दाच्या आरंभी येणारे अक्षर थोडे मोकळे असते, मध्ये येणारे शेजाऱ्यांना सांभाळून घेते, शेवटचे अक्षर ओळीच्या मोकळ्या जागेत आपली शेपटी सोडून देते. मुद्रणाचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. एक अक्षर, एक साचा आणि त्या साच्यातून निघणाऱ्या असंख्य एकसारख्या प्रती हा मुद्रणाचा पाया होय. म्हणून सुलेखनाचे वळण मुद्राक्षरात उतरविण्याचा प्रत्येक प्रयत्न मुळातच एक विसंगती पत्करून सुरू होतो. ग्रंथाच्या मजकुरासाठी घडविलेल्या अक्षरात ही विसंगती फारशी जाणवत नाही. कारण तेथे वाचकाला अक्षर दिसू नये, अर्थ दिसावा अशीच अपेक्षा असते. शीर्षक, निमंत्रणपत्रिका, मानपत्र, मुखपृष्ठ अशा दर्शनी वापरात मात्र अक्षर आधी पाहिले जाते आणि नंतर वाचले जाते. तेथे साच्याचे सोंग लगेच उघडे पडते.

ही विसंगती सोडविण्याचा विसाव्या शतकातील एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे जर्मन अक्षररचनाकार हेर्मान झाप्फ यांचा ‘झाप्फिनो’ हा सुलेखनी फॉन्ट. (जर्मन उच्चार ‘त्स’ या ध्वनीने सुरू होतो, मराठी लेखनात ‘झ’ अधिक परिचित असल्याने तोच येथे स्वीकारला आहे.) १९९८ मध्ये लायनोटाइप या संस्थेने तो प्रसिद्ध केला. त्यामागील मूळ अक्षरे मात्र १९४४ मधील आहेत. या चोपन्न वर्षांच्या अंतराचे कारण रचनाकाराच्या आळसात नसून तंत्राच्या मर्यादेत आहे, आणि ती मर्यादा देवनागरीच्या मुद्रणालाही चांगलीच परिचित आहे. प्रस्तुत लेखात झाप्फिनोची घडण, तिला लागलेला विलंब आणि तिच्यामागील तंत्र यांचे विवेचन करून त्याच अनुषंगाने देवनागरीतील दर्शनी अक्षरांचा विचार करण्याचे योजिले आहे.

रचनाकाराची पार्श्वभूमी

हेर्मान झाप्फ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१८ रोजी न्यूरेंबर्ग येथे झाला. त्यांना विद्युत अभियंता व्हावयाचे होते. वडील कामगार संघटनेत सक्रिय होते. १९३३ मध्ये नाझी पक्ष सत्तेवर येताच त्यांना त्याची किंमत मोजावी लागली आणि मुलालाही तांत्रिक शिक्षणाचे दार बंद झाले. छायाचित्रे व चित्रे छपाईसाठी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करणे त्यांच्या वाट्याला आले. १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे दिवंगत सुलेखनकार रुडॉल्फ कोख यांच्या कार्याचे प्रदर्शन भरले होते. ते पाहून झाप्फ यांनी कोख आणि इंग्लंडमधील एडवर्ड जॉन्स्टन यांची सुलेखनावरील पुस्तके विकत घेतली व घरीच सराव सुरू केला. रीतसर गुरू त्यांना लाभला नाही.

महायुद्धात त्यांची नेमणूक नकाशे काढण्याच्या विभागात झाली. फ्रान्समधील बोर्दो येथे असताना ते स्पेनचे नकाशे रेखाटीत. भिंगाचा आधार न घेता सुमारे एक मिलिमीटर उंचीची अक्षरे ते लिहू शकत असत, असे त्यांच्याविषयी नमूद आहे. याच काळातील, १९४४ मधील, त्यांच्या रेखाटनवहीच्या एका पानावर एक मुक्त, झुकलेली, लांब शेपट्यांची वर्णमाला आहे. तीच पुढे झाप्फिनोचे बीज ठरली. सैन्याच्या नकाशावर अक्षर मिलिमीटरच्या मापात कोंबावयाचे आणि फावल्या वेळी वहीत त्याच हाताने अक्षराला हवे तेवढे पसरू द्यावयाचे, हा विरोध मोठा अर्थपूर्ण आहे.

युद्धोत्तर काळात फ्रँकफुर्टच्या स्टेम्पेल या अक्षरओतशाळेसाठी त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. पॅलाटिनो हे मुद्राक्षर १९५० च्या सुमारास आणि ऑप्टिमा १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅलाटिनो हे नाव सोळाव्या शतकातील इटालियन लेखनगुरू जाम्बात्तिस्ता पॅलाटिनो यांच्यावरून आले आहे. १९७८ चे झाप्फ डिंगबॅट्स आणि १९७९ चे झाप्फ चान्सेरी हे संच पुढे लेझर मुद्रकांबरोबर जगभर पोहोचले. ४ जून २०१५ रोजी डार्मश्टाट येथे त्यांचे निधन झाले. पत्नी गुड्रुन झाप्फ-फॉन हेस्से याही नामवंत अक्षररचनाकार व पुस्तकबांधणीकार होत्या.

धातूची भिंत

१९४८ च्या सुमारास झाप्फ यांनी स्टेम्पेलसाठी लेखणीच्या वळणाचे एक मुद्राक्षर घडविण्याचा प्रयत्न केला. तो त्यांच्या मनासारखा झाला नाही. याचे कारण समजण्यासाठी खिळ्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. शिशाच्या मिश्रधातूचा प्रत्येक खिळा हा एक चौकोनी ठोकळा असतो व त्याच्या माथ्यावर अक्षर उठावात असते. खिळे एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून अक्षराला सामान्यतः आपल्या ठोकळ्याच्या बाहेर जाता येत नाही. शेपटी बाहेर काढावयाचीच झाल्यास ती शेजारच्या खिळ्यावर लोंबकळत ठेवावी लागते. असा अधांतरी भाग छपाईच्या दाबाखाली मोडतो, जुळारी वैतागतो, आणि शेजारचे अक्षरही उंच दांड्याचे असेल तर दोन्ही एकमेकांवर आदळतात. त्यामुळे धातूतील सुलेखनी अक्षरे बहुधा आखडलेली दिसतात. हाताने लिहिताना जी शेपटी तीन अक्षरांच्या खालून सहज धावते, ती खिळ्यात अर्ध्यावर कापावी लागते.

ही अडचण नवी नव्हती. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशियस यांनी फ्रान्चेस्को ग्रिफो यांच्याकडून इटालिक अक्षरे कोरून घेतली तेव्हापासून हस्तलेखनाला मुद्रणात आणण्याची धडपड चालू आहे. १५५७ मध्ये लिऑन येथे रोबेर ग्रांजों यांनी तत्कालीन फ्रेंच हस्ताक्षरावर आधारलेली ‘सिव्हिलिते’ अक्षरे काढली. त्याहीपूर्वी गुटेनबर्ग यांनी आपल्या बेचाळीस ओळींच्या बायबलसाठी सुमारे २९० खिळ्यांचा संच वापरला होता. लॅटिन वर्णमालेला इतक्या खिळ्यांची आवश्यकता नाही. परंतु एकाच अक्षराची अरुंद व रुंद रूपे, जोडाकृती आणि संक्षेपचिन्हे हाताशी असल्याने त्यांना हस्तलिखितासारखी समान काठाची ओळ साधता आली. पुढील पिढ्यांनी काटकसरीसाठी हा संच छाटत नेला. म्हणजे विविधतेचा त्याग हा मुद्रणाचा मूळ धर्म नसून नंतर पत्करलेली सोय आहे, असे म्हणावयास आधार आहे. झाप्फ यांना गुटेनबर्ग यांच्या या पद्धतीचे मोठे आकर्षण होते. यूआरडब्ल्यू या संस्थेबरोबर त्यांनी विकसित केलेली संगणकीय ओळजुळणीची पद्धतही त्याच चिंतनातून निघाली.

छायाक्षरजुळणीचे यंत्र आल्यावर धातूची भिंत पडली. अक्षर आता फिल्मवरील प्रतिमा होते. एक प्रतिमा दुसरीवर सरकू शकत होती. मॅथ्यू कार्टर यांचे १९६६ चे ‘स्नेल राउंडहँड’ हे जोडलेल्या अक्षरांचे मुद्राक्षर या सवलतीचे उत्तम उदाहरण होय. तरीही प्रत्येक अक्षराला एकच रूप ही अट कायमच होती. शेपटीला जागा मिळाली, पण ती दरवेळी तीच शेपटी होती.

दोन लेखण्या

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे; कारण ‘सुलेखनी अक्षर’ या एकाच नावाखाली दोन भिन्न परंपरा नेहमी एकत्र बांधल्या जातात. स्नेल राउंडहँडसारखी अक्षरे टोकदार निबाच्या लेखनावरून आली आहेत. तेथे रेषेची जाडी हाताच्या दाबावर अवलंबून असते: दाबले की निबाच्या चिरा फाकतात व रेषा फुगते. झाप्फिनोचे घराणे वेगळे आहे. ते रुंद, चपट्या टोकाच्या लेखणीचे, पंधराव्या-सोळाव्या शतकातील इटालियन दप्तरी इटालिक वळणाचे आहे. येथे जाडी दाबाने ठरत नाही, ती लेखणीच्या कोनाने ठरते. कोन स्थिर ठेवून हात फिरविला की एका दिशेची रेषा आपोआप जाड व दुसऱ्या दिशेची बारीक होते.

मराठी वाचकाला ही दुसरी पद्धत समजणे कठीण जाऊ नये. बोरूचे तत्त्व तेच आहे. फरक आहे तो काटाचा. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरका छाटतात. त्यामुळे रोमन अक्षरात ज्या तिरप्या रेषा जाड येतात त्या देवनागरीत बारीक आणि बारीक त्या जाड येतात. रोमन निबाने देवनागरी लिहिले की अक्षर परके दिसते ते यामुळेच. कित्येक संगणकीय देवनागरी फॉन्टांतही ही उलटापालट झालेली आढळते. वाचकाला ‘काहीतरी खटकते’ एवढेच जाणवते, कारण सांगता येत नाही.

पुनरारंभ

१९९३ मध्ये डेव्हिड सिगल या अमेरिकन रचनाकाराने झाप्फ यांना पत्र लिहिले. सिगल स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेले होते. डोनाल्ड नूथ आणि झाप्फ यांनी गणिती मजकुरासाठी मिळून घडविलेल्या ‘ऑयलर’ या संचाच्या कामात त्यांचा सहभाग होता. त्यांची कल्पना अशी की, एकेका अक्षराची अनेक रूपे संगणकात साठवावीत आणि कोणते रूप केव्हा यावे याचा निर्णय आज्ञावलीने घ्यावा. त्या काळी गाजणाऱ्या अनियमिततेच्या गणिताचा, म्हणजे ‘केऑस’ सिद्धान्ताचा, आधार घेण्याचाही विचार होता. झाप्फ आरंभी साशंक होते. परंतु १९४४ च्या वहीतील पानाची आठवण झाल्यावर त्यांनी होकार दिला. बॉस्टनचे प्रोग्रॅमर जिनो ली यांनाही या कामात सामील करून घेण्यात आले.

काम बरेच पुढे गेल्यावर सिगल वैयक्तिक कारणांमुळे त्यातून बाहेर पडले आणि प्रकल्प थबकला. काही काळाने झाप्फ यांनी तो लायनोटाइपपुढे ठेवला. संस्थेने त्याची पुनर्रचना केली व १९९८ मध्ये चार वर्णमाला, जोडाकृती आणि अलंकारचिन्हे अशा स्वरूपात झाप्फिनो बाजारात आला. त्या वेळी झाप्फ ऐंशीच्या घरात होते.

स्वयंचलित निवडीचे स्वप्न मात्र या पहिल्या आवृत्तीत पूर्ण झाले नव्हते. चार वर्णमाला म्हणजे चार स्वतंत्र फॉन्ट. कोणत्या शब्दात कोणत्या फॉन्टमधील अक्षर घ्यावयाचे हे वापरणाऱ्याने स्वतः ठरवावयाचे. याचे कारण पुन्हा तांत्रिकच होते. तत्कालीन फॉन्ट-प्रणालीत एका संचात २५६ संकेतस्थाने असत आणि त्यांतच मोठी लिपी, छोटी लिपी, अंक, विरामचिन्हे सारे बसवावे लागे.

२५६ घरांचे बंधन

या २५६ घरांच्या बंधनाची कथा मराठी अक्षरजुळणी केंद्रांत ज्यांनी मुद्रिते तपासली आहेत त्यांना वेगळी सांगावयास नको. मराठीसाठी आवश्यक असणारी मूळ अक्षरे, अर्धी रूपे, मात्रा, रफार, जोडाक्षरे ही सारी त्याच घरांत, इंग्रजी अक्षरांच्या जागी दडपून बसविलेली असत. प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी होती. त्यामुळे एका केंद्रात जुळविलेला शोधनिबंध दुसऱ्या संगणकावर उघडला की पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसे. जोडाक्षरे तुटकी, वेलांटी आखूड, उकार दांड्यापासून सुटलेला, ही त्या काळच्या मराठी छपाईची ओळखच होऊन बसली होती. एका लिपीत वैभवासाठी जागा अपुरी पडत होती, तर दुसरीत निव्वळ शुद्धलेखनासाठी. बंधन एकच, त्याची झळ मात्र सारखी नव्हती, हे नोंदविणे न्यायाचे होईल.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर जवळजवळ एकाच वेळी व एकाच मार्गाने आले. त्यात दोन कल्पना एकत्र येतात. पहिली युनिकोड : प्रत्येक वर्णाला एक कायमचा क्रमांक, मग तो कोणत्याही फॉन्टमध्ये लिहिलेला असो. दुसरी कल्पना अशी की, वर्ण आणि त्याची पानावर दिसणारी आकृती या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी जाहीर केलेल्या ओपनटाइप या प्रणालीत फॉन्टच्या पोटातच दोन प्रकारच्या नियमसारण्या ठेवता येतात. एक सारणी ‘अमुक वर्ण अमुक संदर्भात आल्यास त्याऐवजी तमुक आकृती दाखवा’ असे सांगते. दुसरी सारणी आकृतीला चिन्ह नेमके कोठे लावावयाचे ते सांगते. अ‍ॅपल कंपनीने आपली स्वतंत्र, पण तत्त्वतः याच जातीची प्रणाली विकसित केली होती.

‘क’, हलन्त आणि ‘ष’ हे तीन संकेत ओळीने आले की पडद्यावर ‘क्ष’ उमटतो. साठवणीत मात्र तीनच संकेत राहतात, म्हणून शोध घेताना किंवा अकारविल्हे लावताना गोंधळ होत नाही. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी साठवणीत ‘क’च्या नंतर असते व दिसताना आधी येते. हा सारा व्यवहार संदर्भनिष्ठ बदलाचाच आहे. झाप्फिनोत एफ हे अक्षर दोनदा लागोपाठ आले तर दोन सारख्या आकृतींऐवजी एक जोडाकृती येते, ती याच यंत्रणेने. देवनागरीला जे व्याकरण म्हणून लागते ते रोमन सुलेखनाला अलंकार म्हणून लागले. २००० साली विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडविला. जोशी मूळचे सुलेखनकार व कवी होते आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले. लेखणी हाती असलेल्या माणसालाच या नव्या नियमसारण्यांचे महत्त्व प्रथम उमगावे, हा योगायोग नव्हे.

झाप्फिनोची घडण

नवी प्रणाली उपलब्ध झाल्यावर झाप्फिनोला त्याचे खरे रूप लाभले. अ‍ॅपलच्या मॅक ओएस टेन या कार्यप्रणालीबरोबर तो २००१ पासून दिला जाऊ लागला. त्या आवृत्तीत चारही वर्णमाला एकाच फॉन्टमध्ये नांदतात. २००३ मध्ये अकिरा कोबायाशी यांच्या सहकार्याने झाप्फ यांनी ‘झाप्फिनो एक्स्ट्रा’ ही विस्तारित आवृत्ती सिद्ध केली. तीत आणखी पर्यायी आकृती व ‘फोर्टे’ नावाचे जाड वळण आले. छोट्या लिपीतील ‘डी’ या एकाच अक्षराची नऊ रूपे या फॉन्टमध्ये आहेत. काहींचा दांडा सरळ, काहींचा मागे वळून आधीच्या अक्षरांवर छत्र धरणारा. अ‍ॅपलच्या आवृत्तीत ‘झाप्फिनो’ हा शब्द रोमन लिपीत टंकलिखित केला की सातही अक्षरे मिळून एकच संलग्न आकृती प्रकट होते. रचनाकाराने उठविलेली ही जणू आपली मोहोरच.

त्याच्या सौंदर्याचे मर्म प्रमाणात आहे. छोट्या अक्षरांचे मूळ शरीर लहान, आणि वर जाणारे दांडे व खाली उतरणाऱ्या शेपट्या त्या मानाने प्रचंड. म्हणून ओळीत हवा भरपूर राहते. याचा व्यावहारिक परिणाम असा की, इतर फॉन्टांच्या तुलनेत त्याच अंकाच्या आकारात झाप्फिनोची ओळ कितीतरी अधिक उंची अडविते. दुसरे असे की, अक्षरे सर्वत्र जोडलीच पाहिजेत असा त्याचा हट्ट नाही. टोकदार निबाच्या जोडअक्षरांत एक सांधा चुकला तरी सारा शब्द विस्कटतो. येथे अक्षरे शेजारी उभी राहतात व अधूनमधून एखादाच झोत त्यांना बांधून घेतो.

सिगल यांच्या मनात अनियमितता होती. प्रत्यक्षात आला तो नियम. झाप्फिनो यदृच्छेने अक्षरे बदलीत नाही. तोच शब्द पुन्हा टंकलिखित केला की तेच रूप येते. १९९० च्या सुमारास युस्ट फान रोसम आणि एरिक फान ब्लोकलंड या डच तरुणांनी ‘बेओवुल्फ’ नावाचा असा फॉन्ट केला होता की, त्याच्या अक्षरांच्या कडा छापताना दर वेळी वेगळ्या पडत. तो प्रयोग म्हणून मोलाचा ठरला, पण त्याला सुलेखन म्हणता येणार नाही. कारण सुलेखनातील वैविध्य अपघाती नसते. सुलेखनकार शेपटी वळवितो ती खालच्या ओळीत जागा आहे म्हणून. झाप्फिनोचे नियम शेजारची अक्षरे पाहतात, खालची ओळ पाहू शकत नाहीत. तेवढा निर्णय मनुष्याकडेच राहतो. म्हणूनच या फॉन्टमध्ये पर्यायी रूपे हाताने निवडण्याची सोय ठेवलेली आहे आणि जो ती वापरीत नाही त्याच्या हाती झाप्फिनोचा अर्धाच भाग लागतो, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

वापर आणि दुरुपयोग

फॉन्ट संगणकाबरोबर विनामूल्य मिळू लागला की त्याचे दुर्दैवही सुरू होते. झाप्फिनो अल्पावधीत उपाहारगृहांच्या पाट्या, सौंदर्यप्रसाधने आणि विवाहपत्रिका यांचा हुकमी साथी बनला. आपल्याकडे हेच स्थान कार्यालयीन संगणकांत आढळणाऱ्या ‘मोनोटाइप कोर्सिवा’ला मिळाले. झाप्फ चान्सेरीच्याच वळणाचा हा फॉन्ट महाविद्यालयांच्या प्रमाणपत्रांवर इतका रूढ आहे की त्याखेरीज प्रमाणपत्र अधिकृत वाटत नाही. या साम्यावरून आठवण होते ती वेगळ्याच वादाची. पॅलाटिनोच्या नकलांचा प्रश्न झाप्फ यांनी आयुष्यभर लावून धरला व त्याच वादात १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय अक्षररचनाकार संघटनेचा राजीनामा दिला. अमेरिकन कायद्यात अक्षराच्या आकाराला ग्रंथस्वामित्वाचे संरक्षण नाही, हे या वादाचे मूळ होय.

प्रमाणपत्रांत आढळणाऱ्या दोन चुका मात्र कायद्याच्या नव्हेत, दृष्टीच्या आहेत. संपूर्ण शब्द मोठ्या लिपीत जुळविणे ही पहिली. सुलेखनी संचातील मोठी अक्षरे एकट्याने मिरविण्यासाठी असतात. ती सलग आली की शेपटीत शेपटी गुंतते व संस्थेचे नाव वाचता येत नाही. दुसरी चूक म्हणजे परिच्छेदच्या परिच्छेद अशा अक्षरांत छापणे. वाचकाचा डोळा शब्दातील अनेक अक्षरे एकाच वेळी टिपतो. प्रत्येक अक्षर लक्ष वेधू लागले की ही टिपणी मंदावते. नाव, पदवी, शीर्षक अशा दोन-चार शब्दांना सुलेखनी अक्षर व उरलेल्या मजकुराला साधे, स्थिर अक्षर, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधते. अक्षरांत मुद्दाम अंतर पाडणे, लहान आकारात किंवा गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक रेषा छापणे हेही टाळावयास हवे. शाई पसरली की बारीक रेषा भरून जातात.

देवनागरीच्या बाजूने

२००७ मध्ये पॅलाटिनोचे आणि २०१४ मध्ये झाप्फिनोचे अरबी रूप नादिन शाहीन यांनी सिद्ध केले. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, तिची लेखणी वेगळी, तिचे अलंकार वेगळे. तरीही रोमन आकारांची नक्कल न करता त्या लिपीच्या स्वतःच्या सुलेखनातून सोबतीचे वळण शोधता येते, हे त्यातून दिसले. देवनागरीला हाच प्रश्न विचारला तर काय दिसते?

देवनागरीत मोठी लिपी नाही. म्हणून अलंकाराची जागा शब्दारंभीच्या अक्षराला राखून ठेवता येत नाही. ती वेलांटीच्या कमानीत, उकाराच्या गाठीत, रफारात, मात्रेच्या झोतात आणि ‘श’, ‘ल’, ‘ह’ यांच्या पायाशी विखुरलेली असते. शिरोरेषा शब्दाला बांधते आणि वर-खाली अशी दोन अंगणे मोकळी सोडते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे (१९३५–२०२०) यांची शीर्षके किंवा अच्युत पालव यांचे सुलेखन पाहिले असता या दोन अंगणांचा किती समर्थ उपयोग होतो ते ध्यानात येते. पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परंतु हे कार्य प्रामुख्याने हाताचे आहे. प्रत्येक शीर्षक त्या त्या शब्दासाठी लिहिलेले. त्याचा फॉन्ट करावयाचा म्हणजे न लिहिलेल्या शब्दांचीही तरतूद करावयाची. त्या दिशेने प्रयत्न चालू आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटाने घडविलेला ‘मोदक’ हा अतिशय गुबगुबीत दर्शनी फॉन्ट सुलेखनी नसला तरी जोडाक्षरांसह देवनागरीला दर्शनी रूप देता येते याचे उदाहरण आहे.

सुलेखनी देवनागरी फॉन्ट पारखण्यासाठी लग्नपत्रिकेहून चांगली कसोटी शोधण्याची गरज नाही. ‘शुभविवाह’ या पाच अक्षरांच्या शब्दात ‘व’ लागोपाठ दोनदा येतो, एकदा वेलांटीसह व एकदा कान्यासह. हाताने लिहिणारा हे दोन ‘व’ कधीही जुळ्या भावंडांसारखे लिहिणार नाही. पहिल्याचे पोट वेलांटीच्या कमानीखाली थोडे आवरते घेईल, दुसऱ्याचे सैल सोडील. फॉन्टमध्ये ‘व’चे एकच रूप असेल तर तो ठसा आहे हे तत्काळ कळते. झाप्फिनोने ‘डी’साठी नऊ रूपे ठेवली, देवनागरी फॉन्टकाराला प्रत्येक अक्षरासाठी दोन रूपे ठेवणेही जड जाते, कारण मूळ संचच जोडाक्षरांमुळे शेकडो आकृतींचा असतो व प्रत्येक पर्यायाबरोबर मात्रांच्या स्थानांचे गणित पुन्हा मांडावे लागते. या श्रमांचे मोल देणारा ग्राहक अद्याप थोडा आहे. पत्रिका छापणारा एका उतरवून घेतलेल्या फॉन्टवर वर्षानुवर्षे काम भागवितो.

त्याच पत्रिकेच्या तळाशी ‘वऱ्हाडी’ हा शब्द येतो. त्यातील अर्धा ‘र’ खास मराठीचा आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान देऊन त्याची व्यवस्था केलेली आहे, आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाहून निराळे दाखविण्यासाठी ओपनटाइपमध्ये भाषेनुसार रूप बदलण्याची सोय आहे. दर्शनी फॉन्ट विकत घेणाऱ्या संस्थेने किंवा महाविद्यालयाने पैसे मोजण्यापूर्वी ‘शुभविवाह’, ‘वऱ्हाडी’, ‘कऱ्हाड’, ‘शीलवती’ आणि ‘लक्ष्मीकांत’ हे पाच शब्द त्या फॉन्टमध्ये छापून मागवावेत. ‘ऱ्ह’च्या जागी तुटका रफार किंवा रिकामा चौकोन उमटला, तर वरच्या शेपट्या कितीही डौलदार असोत, तो फॉन्ट मराठीसाठी घडविलेला नाही.